पहिला बाजार धरून

आमच्या घरात दिवस बाजारावर मोजत. बाजार रविवारचा, आणि कुठलीही गोष्ट घडली की ती किती बाजारांपूर्वी घडली एवढंच लक्षात ठेवायचं. मी कितव्या बाजाराला पालथी पडले, आप्पांचा मुरगळलेला पाय कितव्या बाजाराला जमिनीला टेकला, मामा येऊन किती बाजार झाले, सगळं आईच्या बोटांच्या पेरांवर असे. या मोजणीत एक गोष्ट मात्र बाहेरच्या माणसाला सांगितल्याशिवाय कळत नसे. ज्या बाजाराला गोष्ट घडली, तो बाजारही मोजायचा. आज रविवारी मादीला नर दाखवला, तर आजचा हा पहिला बाजार. पुढच्या रविवारी दुसरा. म्हणून चार बाजार म्हणजे अठ्ठावीस दिवस नव्हेत, एकवीस. आकडा सांगून झाला की वस्तीतली म्हातारी माणसं सवयीनं पुढं जोडायची, ‘पयला धरून’. डुकरीण सतराव्या बाजारानंतर परवा दिवशी विते, पहिला धरून, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. पुढं शेतकी कॉलेजच्या पुस्तकात डुकराचा गाभणकाळ एकशे चौदा दिवस असा वाचला, तेव्हा ग्रंथालयात बसून मी गुपचूप बोटांवर मोजून पाहिलं. सोळा आठवडे आणि दोन दिवस. अगदी तंतोतंत. माझ्या अडाणी आईचं आणि पुस्तकाचं जमलं याचा मला एवढा आनंद झाला की शेजारी बसलेल्या मैत्रिणीला सांगायला तोंड उघडलं, आणि सांगता येणार नाही हे आठवून मिटलं.

कारण आमच्या घरी डुकरं आहेत हे मी कॉलेजात कुणालाच सांगितलं नव्हतं. घरी म्हशी आहेत, दुधाचा धंदा आहे, असं सांगितलं होतं.

आमची वस्ती कळंब्याच्या पुढं, तळ्याच्या मागच्या उतारावर होती. पंधरा-वीस घरं, सगळी आमच्याच लोकांची. पिढ्यानपिढ्या डुकरं पाळायची आणि त्यामुळं गावानं पिढ्यानपिढ्या आम्हाला लांब बसवायचं, हे दोन्ही आम्ही जन्मतःच घेऊन यायचो. कळंब्याच्या तुरुंगातले तासाचे टोल वारा आमच्या बाजूचा असला की स्वच्छ ऐकू येत, आणि आई त्यावर चूल पेटवी. त्याआधी आप्पांच्या गाडीवरचे पत्र्याचे डबे खडखडत. ते शहरातल्या खानावळींचं खरकटं आणायला निघालेले असत. परत येत तेव्हा डबे काठोकाठ भरलेले: भाताची ढेकळं, भाकरीचे तुकडे, आंबलेला रस्सा, लिंबाच्या फोडी, चघळलेली हाडं. आई चिंचेखाली बसून त्यातली हाडं, लिंबं आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या वेचून काढायची, आणि उरलेलं मोठ्या पिंपात शिजवायची. तो वास अंगणात, गोधडीत, माझ्या वेणीत असे. आजही पाहुणे आले आणि त्यांना कौतुकानं तांबडा रस्सा वाढला, की पहिली वाफ नाकाशी येते तेव्हा मी मान वळवते. लोकांना वाटतं, मला तिखट सोसत नाही.

आमचं स्वतःचं जेवण साधं. जोंधळ्याची भाकरी, ठेचलेला खर्डा, कधी आमटी. वस्तीत डुक्कर कापलं की वाटा येई. कांदा-लसणाच्या चटणीत शिजवलेलं ते मटण फार चवदार असे, आणि ते मी कॉलेजात जायला लागल्यापासून खायचं सोडलं होतं. आईनं कारण विचारलं नाही. ती माझ्यासाठी एका वाटीत दही ठेवू लागली. तिनं माझ्या हातात कधी खराटाही दिला नव्हता. शाळेत असताना मी डुकरांखालची घाण काढायला म्हणून उठले, तर ओरडायची, ‘ठेव त्यो! तुज्या वहीला वास लागंल. बाई परत फारम भरून देतील व्हय?’ शाळेतल्या ज्या बाईंनी माझा शिष्यवृत्तीचा अर्ज भरला, त्यांचे उपकार मी विसरले नाही. आईचे मात्र उपकार असतात हेच मला फार उशिरा कळलं.

आईचं नाव शेवंता. वस्तीत तिला मान होता तो एका गोष्टीचा. डुकरीण गाभण आहे की नाही, हे ती तीन आठवड्यांत सांगत असे. पोट दिसायला लागल्यावर कुणीही सांगेल, पण चौथ्या बाजाराला सांगणं कठीण असतं. लागलेली नसली, तर मादी तीन आठवड्यांनी पुन्हा माजावर येते, त्याला उलटणं म्हणतात. काही माद्या उलटतात पण दाखवत नाहीत, आणि मग त्यांना फुकट पोसत बसायचं. आई सकाळी सकाळी कुंपणापलीकडे नर आणून उभा करायची, आणि मादीच्या मागं जाऊन तिच्या कमरेवर दोन्ही तळवे दाबायची. माजावर असलेली मादी कान ताठ करून दगडासारखी उभी राहते. गाभण असली की ओरडत पुढं पळते. हे तर आम्हा पोरांनाही ठाऊक होतं. पण आई त्यानंतरही बराच वेळ नुसती बघत बसे. मादी खाते कशी, कुठल्या कुशीवर पडते, पिल्लं जवळ आली तर काय करते. मग उठून हात झटकायची आणि एकच शब्द बोलायची. ‘हाय.’ किंवा ‘न्हाय.’ लांब लांबच्या वस्त्यांतून तिला बोलावणं येई. बायकाही स्वतःसाठी येत, नव्या सुना घेऊन. आई पोरीला अंगणातून चालायला लावी आणि हसत म्हणे, ‘जा गं, चिच्चा खा.’

आता कॉलेजचं. आमच्या पशुसंवर्धनाच्या सरांनी शेवटच्या वर्षी एक यंत्र आणलं. खांद्याला अडकवायच्या रेडिओएवढी पेटी, तिला वायर, वायरीच्या टोकाला टॉर्चसारखा दांडा. मादीच्या मागच्या पायापुढं, पोटाच्या खालच्या अंगाला तेल लावायचं आणि दांडा वर-आतल्या बाजूला रोखून धरायचा. गाभण असली तर गर्भाभोवतीच्या पाण्यावरून पेटीतून सलग सूर येई, नाहीतर तुटक टिकटिक. सरांनी आमच्याकडून एक वाक्य दहा वेळा म्हणून घेतलं होतं: तीस दिवसांच्या आत लावायचं नाही. तोवर पाणी पुरेसं साठलेलं नसतं, आणि गाभण मादीसुद्धा रिकामी दाखवली जाते. सर माणूस म्हणून फार चांगले होते. पुढं जे झालं त्यात त्यांचा काडीचा दोष नव्हता, हे इथंच लिहून ठेवते.

यंत्र वापरायला माझा हात चांगला बसला. जनावराला बुजू न देता त्याच्याजवळ कसं जायचं हे मला शिकवावं लागलं नाही, आणि सर सगळ्यांसमोर म्हणाले, ‘बघा, म्हशींत वाढलेली मुलगी आहे!’ मी हसले. त्या रात्री जेवताना घरी मी यंत्राचं वर्णन केलं. येत्या मंगळवारी इचलकरंजीच्या रस्त्याला एका गावात शिबिर आहे, तिथं यंत्र मी चालवणार आहे, पांढरा कोट घालून, हेही सांगितलं. फुशारकीनंच सांगितलं. आप्पा म्हणाले, ‘म्हंजे तुज्या आयचं काम आता पेटी करनार म्हना की.’ आई हसली. ‘करू दे की. माजं हात तरी सुटतील.’

शिबिराला आलेले बहुतेक लोक नव्यानं पांढरी विलायती डुकरं पाळायला लागलेले शेतकरी होते. आमच्या वस्तीतलं कुणी येणार नव्हतं. सरकारी माणसं दिसली की डुकरं पकडून नेतात, एवढीच आमच्या लोकांची सरकारशी ओळख. म्हणून मी निर्धास्त होते. माझी मैत्रीण जयश्री टेबलाशी बसून कार्डं भरत होती. ती इचलकरंजीची, जैन घरातली, यंत्रमागांच्या आवाजात वाढल्यामुळं मोठ्यानं बोलायची सवय असलेली, मनानं निर्मळ मुलगी. डुकराला हात लावायला तिला जमत नव्हतं, म्हणून कार्डांचं काम तिनं मागून घेतलं होतं. दुपारी मी दांडा पुसत होते, आणि ओळखीचा खडखडाट ऐकू आला. वर बघितलं. आप्पांची गाडी. डबे काढून टाकलेले, आणि त्यांच्या जागी बांधलेली ढवळी. गाडीशेजारून आई चालत येत होती, लग्नातलं हिरवं लुगडं नेसून.

ढवळी ही आमची सगळ्यात चांगली मादी होती. आदल्या खेपेला उलटली होती, म्हणून आईनं तिला पुन्हा नर दाखवला होता. पण आईला यंत्राची गरज नव्हती. तिनं दोनच दिवसांपूर्वी अंगणात हात झटकून ‘हाय’ म्हटलेलं मी स्वतः ऐकलं होतं. मग आई आली कशाला, हे मला त्या क्षणी कळलं नाही. मला फक्त ते लुगडं दिसलं, खालून चिखलानं भरलेलं, आणि वाऱ्यावर पिंपाचा वास आला.

ती अगदी जवळ आली. तिच्या तोंडावर हसू होतं, कोटाकडे बघत होती. माझ्या नावातलं ‘सु’ एवढं अक्षर तिच्या ओठांवर आलं असावं. मी मोठ्यानं म्हणाले, ‘या मावशी, रांगेत या. कुठल्या गावच्या तुम्ही?’

इतक्या वर्षांत मी हा क्षण पुष्कळदा पाहिला आहे. आईला कळायला काहीच वेळ लागला नाही, हे त्यातलं सगळ्यात वाईट. ती दचकली असती, रागावली असती, तर मला आज लिहायला सोपं गेलं असतं. तिनं हसू आत घेतलं, पदर डोक्यावर ओढला आणि मला मदत केली. ‘कळंब्याकडची हाय जी, बाई,’ ती म्हणाली. गाडीपाशी आप्पांनी आमच्याकडे पाठ केली आणि दोरी सोडायला लागले. ती आधीच सुटलेली होती.

जयश्रीनं पेन्सिल उचलली. ‘नर दाखवून किती दिवस झाले, मावशी?’

‘चौथा बाजार परवा झाला,’ आई म्हणाली.

‘बाजार म्हणजे आठवडा ना? चार सत्ते अठ्ठावीस, आणि वरचे दोन. तीस. बसतंय बघ बरोब्बर.’ ती माझ्याकडे वळली. ‘बरोबर ना गं?’

तीस नव्हते. तेवीस होते. मला ते जितकं ठाऊक होतं तितकं त्या मांडवात आईखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. पण तेवीस म्हणायचं, तर मला कसं ठाऊक हे सांगावं लागलं असतं. दूधवाल्याच्या मुलीला ही मोजणी कुठून येणार?

‘बरोबर,’ मी म्हणाले.

आईनं मान वर केली. ‘तीस न्हवं जी, बाई, पयला ध...’

‘मावशी, मादीला नीट धरा आधी!’ मी तिला तोडलं. ‘हलली तर यंत्राला काही कळायचं नाही.’

तिनं ढवळीला धरलं. मी तेल लावलं. ढवळीनं माझा हात हुंगला आणि ओळखून शांत उभी राहिली. सर मागं येऊन उभे होते, म्हणाले, ‘वा, तुझ्या हाताखाली कशी गप्प उभी राहतात!’ पेटीतून टिकटिक आली. मी दांडा थोडा वळवला. टिकटिक. दुसऱ्या बाजूनं लावून पाहिलं. टिकटिकच. येणारच होती.

‘दिवस तीस झालेत ना?’ सरांनी विचारलं.

‘हो सर.’

‘मग रिकामी. लिहा.’

‘रिकामी?’ आई म्हणाली. तिनं आपल्या तळव्यांकडे पाहिलं. ‘परवाच नर दावला जी मी. उभी ऱ्हाईना. वरडत पळाली.’

सर समजुतीनं म्हणाले, ‘मावशी, माद्या फसवतात हो. हाताला कळत नाही ते यंत्राला कळतं. रिकामी मादी पोसत बसू नका.’ कार्डावर दोन चौकोन होते, गाभण आणि रिकामी. जयश्रीनं खूण केली, सहीसाठी कार्ड माझ्याकडे सरकवलं. मी सही केली. आईनं ते दोन्ही हातांनी घेतलं, वाचता येत नसताना त्याकडे बराच वेळ बघितलं, आणि सहीवर बोट ठेवून विचारलं, ‘ह्ये तुमचं नाव व्हय, बाई?’

‘हो.’

‘झ्याक हाय,’ ती म्हणाली.

त्या संध्याकाळी मी मुद्दाम उशिरा घरी गेले. आईनं भाकरी वाढली, दह्याची वाटी ठेवली. आप्पा माझ्याकडे न बघता जेवले आणि उठून गेले. मग आई चुलीतला जाळ मागं ओढत म्हणाली, ‘सुमे, रिकामीच का गं?’

तिनं मला संधी दिली होती. आता तिथं जयश्री नव्हती, सर नव्हते. तेवीस दिवस, आये, अजून आठवडाभर थांब, एवढंच म्हणायचं होतं. पण तेवीस माहीत होते असं कबूल केलं, की मग दुपारी का गप्प बसलीस, हे आलंच. ‘यंत्रानं सांगितलंय,’ मी म्हणाले. मनात ठरवलं की पुढच्या आठवड्यात यंत्र मागून घेईन आणि पुन्हा बघेन. यंत्र कुणाच्या मादीसाठी हवंय, असं सर विचारतील, हे झोपताना लक्षात आलं.

त्या दिवसांत दोन खानावळींनी आपलं खरकटं दुसऱ्याला द्यायला सुरुवात केली होती आणि आमच्याकडे एक तोंड कमी करणं भाग होतं. आईनं ढवळी काढायचं ठरवलं. रविवारी बापू येणार होता. बापू आमच्यातलाच, डुकरं कापून विकणारा. मी त्या रविवारी जयश्रीच्या घरी इचलकरंजीला गेले. तिच्या आईनं माझ्या ताटात तीन प्रकारच्या चटण्या वाढल्या, भिंतीपलीकडे माग धडधडत होते, आणि मी त्यांना आमच्या म्हशींची नावं सांगितली. चार म्हशी होत्या माझ्या. एकीचं नाव मी ढवळी सांगितलं. ‘म्हैस आणि ढवळी?’ जयश्रीची आई हसली. संध्याकाळी घरी आले तर खुंटा मोकळा होता. मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहायचं की नाही यावर मी चार दिवस घालवले आहेत, पण वाटलं ते तसंच वाटलं होतं.

आमच्यात कापायला जनावर देताना एक रीत आहे. विकणाऱ्यानं मादीच्या पाठीवर हात ठेवून, घेणाऱ्यासमोर म्हणायचं, रिकामी आहे. गाभण डुकरीण कापायला देणं हे आमच्या लोकांत सगळ्यात हलकं काम. बाकी आमची कुणीही कसलीही निंदा करावी, हे मात्र आम्ही करत नाही, असं म्हातारी माणसं छातीवर हात ठेवून सांगत. आईनं ढवळीच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा मी तिथं नव्हते. आप्पांनी पुढं कधीतरी सांगितलं, की हात ठेवून ती इतका वेळ गप्प राहिली की बापू वैतागून म्हणाला, ‘बोल की शेवंते, का डुकरिनीच्या कानात मंत्र सांगतीस?’ मग ती म्हणाली, रिकामी.

बुधवारी सकाळी बापू आला. मी दारात पुस्तक घेऊन बसले होते. त्याच्या हातात पत्र्याची पाटी होती, वर पळसाची पानं झाकलेली. तो अंगणाच्या मधोमध उभा राहिला आणि सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असं ओरडला, ‘शेवंते! ये भाइर! ह्ये बघ तुजं रिकामं!’

आई पिंपापासून उठून आली. त्यानं पानं काढली. बायका जमल्या, पोरं पायांतून वाकून बघायला लागली. मी जागेवरूनच पाहिलं. करंगळीच्या पेराएवढी होती, गुलाबी, एकाला एक चिकटलेली. बापूनं मोजली होती. ‘नऊ! नऊ हायती! पाठीवर हात ठिवून सांगितलंस न्हवं? मला पापात घातलंस की गं! नजर गेली का हात गेलं तुजं?’

आई पाटीकडे बघत होती. शेजारची म्हातारी म्हणाली, ‘शेवंते, तुज्याकडनं ह्ये? काय सांगशील का न्हाय काय?’

कार्ड आमच्या छपराच्या वाशात खोचलेलं होतं. त्यावर दिवस होते, खूण होती, माझी सही होती. आईनं तिकडं बघितलं नाही. माझ्याकडेही बघितलं नाही. ‘चुकलं, बापू,’ ती म्हणाली. ‘माज्या हातानं चुकलं.’

एक वाक्य पुरलं असतं. ती नव्हती चुकली, मी चुकले. पाच शब्दांचं वाक्य. मी उठले, आत गेले, माठावरची झाकणी काढली आणि पाणी प्यायले. तहान लागलेली नव्हती. बाहेर बापू म्हणत होता, की आता तुझ्या हातावर कोण इस्वास ठेवणार, आणि कुणीतरी त्याला गप्प करत होतं. मी दुसरा पेला भरला.

नंतर आईला कुणी बोलावलं नाही. काही दिवस चुकून लांबच्या वस्तीतलं कुणी आलं, तर आईच सांगायची, ‘दुसरीकडं बघा पावणं. मला आता कळत न्हाई.’ सुना आणणाऱ्या बायका थांबल्या. नव्या मादीला नर दाखवला की आई कुंपणापाशी जायची, नुसती उभी राहायची, हात मागं बांधून. आप्पांनी मला एकदाच विचारलं, ‘तेवीस दीस हुतं. तू घरातलीच न्हवं?’ मी उत्तर द्यायच्या आत आतून आईच म्हणाली, ‘तिला कशाला बोलताय? पोर शाळंत गेली, आपली मोजणी इसरली आसंल. तिचा काय दोष?’ मग आप्पांनीच सांगितलं, की त्या दिवशी आईला यंत्राशी काही कर्तव्य नव्हतं. तिला मला कोटात बघायचं होतं. नुसतं बघायला कसं जायचं, म्हणून तिनं ढवळीला गाडीत चढवलं.

मी विसरले, ही समजूत आईनं स्वतः तयार करून स्वतःला दिली होती, आणि ती मीही घेतली. पदवी मिळाली. पुढं कृषी विद्यालयात नोकरी लागली आणि मी आयुष्यभर तिथं शिकवलं. प्रत्येक वर्षी गाभण तपासणीच्या धड्याला मी मुलांना सांगत असे: यंत्र लावण्याआधी समोरचा माणूस दिवस कसे मोजतो ते विचारा. एक शेतकरी बाई होती, चार बाजार म्हणाली, विद्यार्थिनीनं तीस दिवस धरले, नऊ पिल्लं गेली. मुलं वहीत लिहून घेत. आता माझे जुने विद्यार्थी पडद्यावर हलणाऱ्या गर्भाची चित्रफीत मोबाइलवर पाठवतात, खाली लिहितात, ‘मॅडम, दिवस विचारून घेतलेत.’ ती बाई कोण आणि ती विद्यार्थिनी कोण, हे मी कुठल्याही वर्गात सांगितलं नाही. आज पहिल्यांदा लिहिते आहे, आणि आता ते ऐकायला आई नाही.

तिला मात्र एकदा कळलं होतं. तेवढं सांगून थांबते.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मला दिवस गेले. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं होतं, पण मला ते आईच्या तोंडून हवं होतं. मी कळंब्याला गेले. अंगणातून मुद्दाम सावकाश चालत आले. ती चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं बघितलं, तिला कळलं, हे मला दिसलं. पण ती म्हणाली, ‘डाक्टरीन काय म्हनती?’

‘तू सांग की.’

‘मला न्हाई कळत आता.’ तिनं पिठाचा गोळा वळला. मग राहवलं नसावं. ‘शेवटचं भाइर बसून किती बाजार झालं?’

मी हिशेब केला आणि जसा लहानपणापासून करत होते तसाच सांगून टाकला. ‘सा. पयला धरून.’

तिचा हात परातीत थांबला. मला काय बोलून गेले ते तेव्हा कळलं. तव्यावरची भाकरी फुगली, एका बाजूनं फुटली, करपायला लागली. ती उलटायला कुणी हललं नाही.

‘म्हंजे इसरली न्हवतीस,’ आई म्हणाली.

‘न्हाई.’

‘तवाबी?’

‘न्हाई, आये.’

तिनं करपलेली भाकरी काढून डुकरांच्या डब्यात टाकली. तांब्यातलं पाणी घेऊन हात धुतले. उठली, माझ्या मागं आली, आणि तिचे दोन्ही तळवे माझ्या कमरेवर ठेवले. साडीतून मला ओल लागली. ती बराच वेळ तशीच उभी होती. तितक्या वर्षांत तिनं कशालाच, कुणालाच असा हात लावला नव्हता.

‘हाय,’ ती म्हणाली.

मी वळणार होते. पण ती आधीच चुलीकडे गेली होती, नवा गोळा हातात घेऊन. माझ्याकडे न बघता, आवाज न चढवता, त्या मांडवात बोलली होती तशा मऊ आवाजात ती म्हणाली, ‘भाइर बसा जावा, बाई. धूर लागतोय तुमास्नी.’

मी बाहेर जाऊन बसले.